वैज्ञानिक आधारसामग्रीचे आंतरराष्ट्रीय सुसूत्रीकरण

निरनिराळ्या देशांतील वेधशाळा, प्रयोगशाळा, जहाजे, कृत्रिम उपग्रह इत्यादींकडून मिळणारी वैज्ञानिक मापने एकसारख्या पद्धतीने घेतली जावीत, ती सुरक्षित राहावीत आणि कोणत्याही देशातील संशोधकास उपलब्ध व्हावीत, यासाठी राष्ट्रांनी व वैज्ञानिक संघटनांनी परस्परांच्या संमतीने केलेली व्यवस्था. निरीक्षण, मापन वा प्रयोग यांतून मिळणाऱ्या आणि ज्यांवरून निष्कर्ष काढावयाचे अशा संख्या, आलेख, चित्रे व नमुन्यांविषयीच्या नोंदी यांना आधारसामग्री म्हणतात. निष्कर्ष व सिद्धांत कालांतराने बदलतात. परंतु काळजीपूर्वक घेतलेली नोंद नव्या सिद्धांताच्या कसोटीसाठीही उपयोगी पडते. म्हणून आधारसामग्रीचे जतन हे संशोधनाइतकेच महत्त्वाचे कार्य मानले जाते.

स्वरूप व आवश्यकता : वातावरण, महासागर, भूकंप, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांसारख्या विषयांचा अभ्यास कोणत्याही एका देशाच्या सीमेत पुरा होऊ शकत नाही. भूकंपाचे केंद्र निश्चित करण्यासाठी त्याचे तरंग दूरदूरच्या अनेक ठिकाणी केव्हा पोहोचले, हे कळावे लागते. एखाद्या देशातील हवेचे भाकीत करण्यासाठी शेजारच्या देशांतील व समुद्रावरील हवेच्या दाबाचे आकडे हाती असावे लागतात. शिवाय या विषयांत आणखी एक अडचण असते. प्रयोगशाळेतील प्रयोगाची टिपणे हरवली, तर बहुधा तो प्रयोग पुन्हा करता येतो. विशिष्ट दिवशीचे चुंबकीय वादळ किंवा विशिष्ट वर्षीचे हवेतील वायूंचे प्रमाण मात्र त्या वेळी नोंदले गेले नाही अथवा त्याची नोंद नष्ट झाली, तर ती हानी नंतर कशानेही भरून येत नाही.

सुसूत्रीकरणाची चार प्रमुख अंगे आहेत : (१) मापनाची पद्धत, उपकरणे, एकके व वेळ यांबाबत एकवाक्यता, (२) प्रत्येक नोंद कोठे, केव्हा, कोणत्या उपकरणाने व किती अचूकतेने घेतली, याची तिच्यासोबत ठेवलेली वर्णनपर माहिती, (३) एकाहून अधिक ठिकाणी जतन आणि (४) मागणाऱ्यास नोंदी देण्याविषयीचे ठरलेले नियम.

यांपैकी दुसरे अंग सर्वांत दुर्लक्षित राहते. त्याचे महत्त्व सागरपृष्ठाच्या तापमानाच्या नोंदींवरून स्पष्ट होईल. जहाजावरून हे तापमान मोजण्यासाठी पूर्वी बादलीने पाणी वर काढीत असत. पुढे काही देशांच्या जहाजांवर एंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान मोजण्यात येऊ लागले. बादलीतील पाणी बाष्पीभवनामुळे किंचित थंड होते, तर एंजिनाच्या खोलीतील पाणी किंचित उबदार असते. १९४५ मध्ये सागरपृष्ठाचे सरासरी तापमान सु. ०·३° से.ने एकाएकी उतरले, असे जुन्या नोंदींवरून दिसत असे व त्याचे कारण उलगडत नव्हते. दुसरे महायुद्ध संपताच उपलब्ध नोंदींतील अमेरिकन जहाजांचे प्रमाण घटले व ब्रिटिश जहाजांचे वाढले. अमेरिकन जहाजे मुख्यत्वे एंजिनाजवळचे पाणी मोजीत, तर ब्रिटिश जहाजे बादली वापरीत. उतरण समुद्राची नसून मुख्यतः मापनपद्धतीतील या बदलाची आहे, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले. नोंद कोणत्या देशाच्या जहाजाची आहे, ही साधी माहिती आकड्यासोबत जपली गेली होती, म्हणूनच हा उलगडा होऊ शकला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अनेक देशांनी एकाच वेळी व एकाच पद्धतीने वेध घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न भूचुंबकत्वाच्या क्षेत्रात झाला. आलेक्सांडर फोन हंबोल्ट यांच्या प्रेरणेने कार्ल फ्रीड्रिख गौस व व्हिल्हेल्म वेबर यांनी गटिंगेन येथे चुंबकीय संघ स्थापन केला. संघात सामील झालेल्या वेधशाळांनी ठरलेल्या दिवशी, गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, दर पाच मिनिटांनी चुंबकसूचीची दिशा नोंदावी अशी योजना होती. संघाचे निष्कर्ष १८३६ ते १८४१ या वर्षांच्या वेधांवर आधारलेल्या खंडांतून प्रसिद्ध झाले. शेकडो किमी. अंतरावरील ठिकाणी चुंबकसूचीचे आंदोलन एकाच क्षणी होते, ही गोष्ट त्यांतून ठळकपणे पुढे आली. एकट्या वेधशाळेस ती कधीच दिसली नसती. ब्रिटिश सत्तेखालील प्रदेशांतही या सुमारास चुंबकीय वेध घेण्याची व्यवस्था करण्यात आली आणि १८२६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून असे वेध सुरू झाले.

समुद्रावरील हवामानाच्या नोंदींबाबत अमेरिकन नौदलातील अधिकारी मॅथ्यू फाँटेन मॉरी यांच्या पुढाकाराने १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे परिषद भरली. बेल्जियन शास्त्रज्ञ आडॉल्फ केटले हे तिचे अध्यक्ष होते. जहाजांनी वारा, दाब, तापमान व प्रवाह यांच्या नोंदी ठेवण्यासाठी एकच नमुना वापरावा, असे दहा देशांच्या प्रतिनिधींनी येथे ठरविले. सागरी राष्ट्रे युद्धात परस्परांविरुद्ध उभी राहत असतानाही त्यांच्या जहाजांवरील नोंदवह्यांचा नमुना एकच राहिला. १८७३ मध्ये व्हिएन्ना येथील परिषदेतून आंतरराष्ट्रीय वातावरणविज्ञान संघटनेचा पाया घातला गेला.

ऑस्ट्रियन नौदलातील अधिकारी कार्ल व्हाइप्रेख्त यांनी ध्रुवप्रदेशांतील मोहिमांच्या तत्कालीन पद्धतीवर टीका केली. प्रत्येक देश अधिकाधिक उत्तरेस आपला ध्वज रोवण्याच्या स्पर्धेत गुंतला असून तुरळक व परस्परांशी न जुळणाऱ्या नोंदींपासून विज्ञानास फारसा लाभ होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या कल्पनेनुसार १८८२-८३ हे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष म्हणून पाळण्यात आले. व्हाइप्रेख्त यांचे मात्र १८८१ मध्येच निधन झाले होते. या वर्षात वेध एकत्रितपणे घेतले गेले, पण ते प्रसिद्ध करण्याचे काम प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे केले. परिणामी त्यांचा एकत्र अभ्यास फारसा झाला नाही. दुसरे ध्रुवीय वर्ष १९३२-३३ मध्ये पार पडले. त्यातील नोंदी कोपनहेगन येथे एकत्र आणण्यास प्रारंभ झाला, परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे हे काम खंडित झाले व काही नोंदी नष्ट झाल्या. वेधांची योजना उत्तम असली, तरी त्यांच्या संग्रहाची व्यवस्था आधीच केलेली नसेल, तर श्रम वाया जातात, हा धडा या दोन्ही प्रयत्नांतून मिळाला.

आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्ष : पुढील ध्रुवीय वर्ष पन्नासऐवजी पंचवीस वर्षांनीच घ्यावे, ही सूचना अमेरिकन भौतिकीविज्ञ लॉइड बर्कनर यांनी एप्रिल १९५० मध्ये जेम्स व्हॅन ॲलन यांच्या घरी जमलेल्या शास्त्रज्ञांसमोर मांडली. त्या बैठकीस उपस्थित असलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन पुढे या योजनेच्या आंतरराष्ट्रीय समितीचे अध्यक्ष झाले. अभ्यासाचे क्षेत्र ध्रुवप्रदेशांपुरते न ठेवता सर्व पृथ्वीस व्यापणारे करण्यात आले आणि १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा अठरा महिन्यांचा काळ आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्ष म्हणून ठरला. या काळात सूर्यावरील घडामोडी अत्युच्च पातळीवर असणार होत्या. वैज्ञानिक संघांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने (स्थापना १९३१) पुरस्कृत केलेल्या या योजनेत ६७ देश सहभागी झाले. वातावरणविज्ञान, भूचुंबकत्व, ध्रुवीय प्रकाश, आयनांबर, विश्वकिरण, सौर घडामोडी, हिमनद्या, महासागर, भूकंप, गुरुत्व इ. विषयांचे वेध घेण्यात आले. पहिले कृत्रिम उपग्रह सोव्हिएट संघाने (४ ऑक्टोबर १९५७) व अमेरिकेने (३१ जानेवारी १९५८) याच काळात सोडले.

जागतिक आधारसामग्री केंद्रे : आधीच्या अनुभवावरून या वेळी वेध सुरू होण्यापूर्वीच संग्रहाची योजना आखण्यात आली. जागतिक आधारसामग्री केंद्रांचे तीन गट करण्यात आले. ‘अ’ गटातील केंद्रे अमेरिकेत व ‘ब’ गटातील सोव्हिएट संघात होती. ‘क’ गटातील केंद्रे विषयवार वाटून यूरोप, ऑस्ट्रेलिया व जपान येथे ठेवण्यात आली. सहभागी देशाने आपल्या नोंदींच्या प्रती एका केंद्राकडे पाठवावयाच्या व केंद्रांनी त्या आपसांत बदलून घ्यावयाच्या, अशी पद्धत होती. त्यामुळे आग, पूर, युद्ध यांसारख्या संकटात एक संग्रह नष्ट झाला, तरी दुसरा शिल्लक राहणार होता. कोणत्याही देशातील संशोधकाने मागणी केल्यास केवळ प्रत काढण्याचा खर्च घेऊन नोंदी द्याव्यात, हा दुसरा महत्त्वाचा नियम होता. केंद्राचा खर्च ज्या देशात ते असेल त्या देशानेच सोसावयाचा होता.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की, ती शीतयुद्धाच्या ऐन काळात उभी राहिली. दोन्ही महासत्तांपैकी कोणतीही एक सर्व नोंदींची राखणदार व्हावी, हे दुसरीला मान्य होणे शक्य नव्हते. प्रत्येकीकडे संपूर्ण संच ठेवल्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न व परस्परांवरील अविश्वासाचा प्रश्न असे दोन्ही एकाच वेळी सुटले. ही केंद्रे अठरा महिन्यांच्या वर्षासाठी निर्माण झाली होती, परंतु ती पुढे चालू ठेवण्यात आली. १९८८ मध्ये चीनमधील केंद्रांचा ‘ड’ गट त्यांत सामील झाला.

राजकारणाची बाधा या योजनेस झालीच नाही असे नाही. तैवानच्या सहभागामुळे चीनच्या साम्यवादी शासनाने भूभौतिकीय वर्षातून अंग काढून घेतले. सागरतळाच्या खोलीचे तपशीलवार आकडे पाणबुडी-युद्धाच्या दृष्टीने गोपनीय मानले जात. त्यामुळे अमेरिकेतील ब्रूस हीझेन व मेरी थार्प यांना उत्तर अटलांटिकच्या तळाचा आपला नकाशा समोच्चरेषांऐवजी चित्ररूपाने काढावा लागला.

दीर्घकालीन नोंदींचे मोल : वेध घेणाऱ्यास त्याच्या नोंदीचा पुढे कोणता उपयोग होईल, हे बहुधा ठाऊक नसते. याची तीन उदाहरणे प्रसिद्ध आहेत.

पहिले उदाहरण ओझोनचे आहे. भूभौतिकीय वर्षाच्या निमित्ताने अंटार्क्टिकातील हॅली बे या ब्रिटिश तळावर डॉबसन वर्णपटमापकाने वातावरणातील ओझोन मोजण्यास सुरुवात झाली. वर्ष संपल्यावरही हे साधे काम चालू ठेवण्यात आले. ऑक्टोबर महिन्यातील सरासरी पूर्वी सु. ३०० डॉबसन एकके असे, ती १९८४ पर्यंत २०० च्या आसपास उतरल्याचे जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँक्लिन यांनी मे १९८५ मध्ये जाहीर केले. अमेरिकन उपग्रहावरील उपकरणासही हे कमी आकडे मिळाले होते. परंतु ते अपेक्षेपेक्षा फारच कमी असल्यामुळे संगणकीय संस्करणात त्यांवर संशयास्पद अशी खूण पडत होती. मूळ आकडे टाकून दिलेले नसल्याने ते पुन्हा तपासता आले आणि ओझोनचे हे विरलन अंटार्क्टिकाच्या विस्तीर्ण प्रदेशावर पसरले असल्याची खात्री १९८६ मध्ये झाली. ओझोनचा नाश करणाऱ्या पदार्थांवर नियंत्रण घालणारा माँट्रिऑल करार १६ सप्टेंबर १९८७ रोजी संमत झाला.

दुसरे उदाहरण हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाचे आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी हवाई बेटातील मौना लोआ येथे मार्च १९५८ मध्ये भूभौतिकीय वर्षाच्या निधीतून या वायूचे मापन सुरू केले. त्या वर्षी त्याचे प्रमाण हवेच्या दशलक्ष भागांत सु. ३१५ भाग होते. २०२४ मध्ये वार्षिक सरासरी ४२४ च्या वर गेली. या आलेखात १९६४ च्या पहिल्या महिन्यांत एक लहानशी फट दिसते. निधीत कपात झाल्यामुळे तेव्हा मापन थांबले होते. ती फट आता कोणीही भरून काढू शकत नाही.

तिसरे उदाहरण मुंबईचे आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्‍लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक प्रखर उद्रेक दिसला व त्यानंतर एका दिवसाच्या आतच पृथ्वीवर अतितीव्र चुंबकीय वादळ झाले. यूरोप व अमेरिकेतील तारायंत्रे विस्कळीत झाली. उत्तरेकडील अनेक वेधशाळांतील उपकरणांची मर्यादा ओलांडली गेल्यामुळे त्यांच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या. कुलाबा वेधशाळेतील निरीक्षक मात्र उपकरणाचे वाचन डोळ्यांनी करून आकडे हाताने वहीत लिहीत होते व ते त्यांनी वादळातही चालू ठेवले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सु. १,६०० नॅनोटेस्लाने घटल्याचे या नोंदींवरून दिसते. २००३ मध्ये, म्हणजे वादळानंतर १४४ वर्षांनी, या आकड्यांच्या आधारे त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज प्रसिद्ध करण्यात आला. १३ मार्च १९८९ च्या त्याहून बऱ्याच सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा कित्येक तास बंद पाडला होता. त्यामुळे वीजवाहिन्या व उपग्रह यांच्या रक्षणाची आखणी करताना १८५९ चे वादळ हे कमाल संकटाचे माप म्हणून विचारात घेतले जाते. १८५९ च्या निरीक्षकांच्या काळी वीजवाहिन्यांचे जाळे व उपग्रह अस्तित्वातही नव्हते.

या मालिकेचे सातत्य कसे राखले गेले, हेही लक्षणीय आहे. मुंबईत विजेवरील ट्रामगाड्या येणार हे ठरल्यावर त्यांच्या विद्युत् प्रवाहाने चुंबकीय वेधांत दोष येईल, म्हणून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू करण्यात आली. कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी १९०६ पर्यंत एकाच वेळी वेध घेऊन त्यांतील फरक निश्चित करण्यात आला. त्यामुळे जुनी व नवी मालिका जोडता आली. या काळात संचालक असलेले नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील मुंबईच्या चुंबकीय वेधांचे दोन खंड १९१० मध्ये प्रसिद्ध केले.

मूलभूत स्थिरांक व कोडाटा : आधारसामग्रीचा दुसरा प्रकार प्रयोगशाळेतील मापनांचा होय. प्रकाशवेग, इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार, प्लांक स्थिरांक अशा राशींची मूल्ये निरनिराळ्या प्रयोगांतून थोडी निरनिराळी येतात. पदार्थांचे वितळबिंदू, घनता, उष्णता-संवाहकता यांबाबतही तीच स्थिती असते. कोणते मूल्य ग्राह्य मानावे, याचा तौलनिक विचार करण्यासाठी वैज्ञानिक संघांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९६६ मध्ये विज्ञान व तंत्रविद्या यांच्या आधारसामग्रीविषयीची समिती नेमली. ती ‘कोडाटा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते व तिचे कार्यालय पॅरिस येथे आहे. सर्व विश्वसनीय प्रयोगांची मापने एकत्र घेऊन, त्यांच्या अनिश्चिततेनुसार त्यांना कमीअधिक महत्त्व देऊन, परस्परांशी सुसंगत असा मूल्यांचा संच ही समिती शिफारस करते. असे संच १९७३, १९८६ व १९९८ मध्ये आणि त्यानंतर साधारणतः दर चार वर्षांनी तयार करण्यात आले.

शिफारस केलेले मूल्य अंतिम सत्य नसते. प्लांक स्थिरांकाचे १९७३ चे मूल्य (१० च्या –३४ व्या घाताच्या पटीत व जूल-सेकंदांत) ६·६२६१७६ असून त्याची अनिश्चितता ०·००००३६ होती. १९८६ चे मूल्य ६·६२६०७५५ आले. हा बदल आधी सांगितलेल्या अनिश्चिततेच्या अडीच पटींहून अधिक होता. म्हणून कोणतेही गणित करताना स्थिरांक कोणत्या वर्षीच्या संचातील आहे, हे नमूद करणे आवश्यक असते. पुढे मापने इतकी अचूक झाली की, २० मे २०१९ पासून प्लांक स्थिरांकाचे मूल्य ६·६२६०७०१५ असे कायमचे निश्चित करून त्यावरून किलोग्रॅमची व्याख्या करण्यात आली. त्यापूर्वी किलोग्रॅम हे पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या एका ठोकळ्यावर अवलंबून होते. एकाच वस्तूवरील हे अवलंबन संपले, त्यास अनेक देशांच्या प्रयोगशाळांतील मापने एकत्र जुळविण्याचे हे काम कारणीभूत झाले.

इतर क्षेत्रांतील व्यवस्था : हवामानाच्या नोंदींची देवाणघेवाण जागतिक वातावरणविज्ञान संघटनेमार्फत (स्थापना १९५०) चालते. १९६३ मध्ये सुरू झालेल्या तिच्या जागतिक हवामान निरीक्षण योजनेखाली भूपृष्ठावरील स्थानके, फुगे, जहाजे, विमाने व उपग्रह यांच्याकडील नोंदी सर्व देशांच्या हवामान कार्यालयांना अल्पावधीत पोहोचविल्या जातात. महासागरविज्ञानात युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागरविज्ञान आयोगाने १९६१ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे जाळे उभारण्यास सुरुवात केली.

भूकंपविज्ञानात १९६० नंतरच्या दशकात एकसारखी उपकरणे असलेल्या सु. १२० स्थानकांचे जागतिक जाळे उभे राहिले. सर्व उपकरणे व त्यांची घड्याळे एकाच प्रमाणाची असल्यामुळे जगातील भूकंपांची केंद्रे व त्यांतील हालचालींची दिशा पूर्वीपेक्षा कितीतरी अचूकतेने ठरविता आली. भूपट्ट सांरचनिकी या सिद्धांतास बळकटी देणारा बराचसा पुरावा या नोंदींतून मिळाला. पुणे येथेही या जाळ्यातील एक स्थानक होते. डिसेंबर १९६७ मधील कोयना भूकंपाच्या अभ्यासास या जाळ्यातील दूरदूरच्या स्थानकांच्या नोंदींचा उपयोग झाला.

रेणवीय जीवविज्ञानात प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा संग्रह १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहॅवन येथे सुरू झाला. डीएनएच्या अनुक्रमांचे अमेरिका, यूरोप व जपान येथील तीन संग्रह आपल्याकडील नव्या नोंदी दररोज परस्परांना पाठवितात. मानवी जीनोम प्रकल्पातील प्रयोगशाळांनी १९९६ मध्ये बर्म्यूडा येथे असे ठरविले की, नवे अनुक्रम शक्यतो २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुले करावेत. जानेवारी २०२० मध्ये नव्या करोना विषाणूचा जीनोम जाहीर होताच जगातील अनेक प्रयोगशाळांनी त्यावरून निदान-चाचण्या व लशी तयार करण्यास आरंभ केला. विषाणूचा नमुना हाती येण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

मुक्त देवाणघेवाणीतील प्रश्न : सर्व नोंदी सर्वांना खुल्या असाव्यात हे तत्त्व मान्य असले, तरी व्यवहारात तीन प्रकारच्या अडचणी येतात. पहिली अडचण किमतीची आहे. १९८० नंतर काही देशांच्या हवामान कार्यालयांनी व उपग्रह-योजनांनी आपली आधारसामग्री विकण्यास सुरुवात केली. जागतिक वातावरणविज्ञान संघटनेने १९९५ मध्ये यावर तडजोड काढली. जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणास आवश्यक अशा नोंदी विनामूल्य व विनाअट द्याव्यात आणि इतर नोंदींवर अटी घालण्याची मुभा असावी, असे ठरले. २०२१ मध्ये या धोरणाची व्याप्ती महासागर, जलसंपत्ती, हवेची रचना इ. विषयांपर्यंत वाढविण्यात आली. १९७२ पासूनच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे अमेरिकेने २००८ मध्ये विनामूल्य केली, तेव्हा त्यांचा वापर अनेक पटींनी वाढला. संग्रहाचे मोल त्याच्या विक्रीतून नव्हे, तर वापरातून प्रकट होते, असे मानणाऱ्यांच्या मतास त्यामुळे पुष्टी मिळाली.

दुसरी अडचण न्यायाची आहे. नमुने व नोंदी एका देशाने द्यावयाच्या आणि त्यांपासून होणारा लाभ दुसऱ्याने घ्यावयाचा, अशी स्थिती अनेकदा उद्‌भवते. आपण दिलेल्या विषाणूंपासून परदेशांत तयार होणाऱ्या लशी आपल्याला परवडत नाहीत, या कारणास्तव इंडोनेशियाने २००७ च्या सुमारास पक्षिज्वराच्या विषाणूंचे नमुने देणे थांबविले. यातून झालेल्या वाटाघाटींनंतर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूंच्या देवाणघेवाणीबरोबरच लशींच्या वाटपाचाही विचार करणारी चौकट स्वीकारली. जैव साधनसंपत्तीच्या लाभांच्या वाटणीविषयीचा नागोया करार २०१० मध्ये संमत झाला. नोंदी खुल्या असूनही त्या वापरण्यास लागणारे संगणक, प्रशिक्षण व निधी सर्व देशांकडे सारखे नसतात. म्हणून केवळ दार उघडे ठेवल्याने समानता येत नाही.

तिसरी अडचण श्रेयाची आहे. वर्षानुवर्षे वेध घेणाऱ्या वा नोंदी तपासून नीट लावणाऱ्या व्यक्तीस शोधनिबंध लिहिणाऱ्याइतका मान मिळत नाही. आधारसामग्रीच्या संचास स्वतंत्र कायम क्रमांक देऊन त्याचा शोधनिबंधाप्रमाणे उल्लेख करण्याची पद्धत त्यावरील उपाय म्हणून पुढे आली आहे.

जतनाच्या समस्या : भूभौतिकीय वर्षातील नोंदी कागद, मायक्रोफिल्म व छिद्रित कार्डे यांवर होत्या, त्यानंतर चुंबकीय फिती, तबकड्या व संगणकांची जाळी आली. चांगल्या कागदावरील हस्तलिखित नोंद दीडशे वर्षांनीही वाचता येते. चुंबकीय फितीचे मात्र तसे नाही : ती सुस्थितीत असली, तरी ती वाचणारे यंत्र व तिच्यावरील संकेतांचा अर्थ सांगणारी माहिती या दोहोंपैकी एक जरी नाहीसे झाले, तरी ती निरुपयोगी ठरते. त्यामुळे ठराविक काळाने सर्व संग्रह नव्या माध्यमावर उतरून घेणे हे केंद्रांचे कायमचे काम होऊन बसले आहे. दुसऱ्या बाजूस, जहाजांच्या जुन्या नोंदवह्या व वेधशाळांचे हस्तलिखित तक्ते संगणकावर आणण्याचे कामही चालू असते.

भारतातील कार्य : भारतीय हवामानशास्त्र विभाग (स्थापना १८७५) जागतिक देवाणघेवाणीत आरंभापासून सहभागी आहे. १९७१ मध्ये स्वायत्त झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था अलिबागसह अनेक वेधशाळा चालविते व मुंबईचे भूचुंबकत्वविषयक जागतिक आधारसामग्री केंद्र तिच्याकडे आहे. १९६० ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांच्या जहाजांनी एकाच नमुन्याच्या जाळ्याने प्राणिप्लवक गोळा केले व त्यांच्या वर्गीकरणासाठी कोची येथे युनेस्कोच्या साहाय्याने केंद्र उघडण्यात आले. या मोहिमेच्या पायावरच १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. शासकीय निधीतून निर्माण झालेली आधारसामग्री खुली करण्याविषयीचे राष्ट्रीय धोरण २०१२ मध्ये जाहीर झाले आणि जैव आधारसामग्रीचे राष्ट्रीय केंद्र २०२२ मध्ये फरीदाबाद येथे सुरू झाले.

सद्यःस्थिती : वैज्ञानिक संघांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ऑक्टोबर २००८ मध्ये मापूटो (मोझँबीक) येथील अधिवेशनात जुन्या जागतिक केंद्रांच्या जागी जागतिक आधारसामग्री प्रणाली स्थापन करण्याचे ठरविले. अ, ब, क, ड ही विभागणी संपून सर्व केंद्रे समान दर्जाचे सदस्य झाली. २०१८ मध्ये ही परिषद सामाजिक शास्त्रांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मिळून आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषद अस्तित्वात आली. संग्रहाची विश्वासार्हता तपासून प्रमाणपत्र देण्याची सामाईक पद्धत २०१७ पासून चालू आहे. आधारसामग्री सहज सापडावी, मिळावी, इतर सामग्रीशी जुळावी व पुन्हा वापरता यावी, ही २०१६ मध्ये मांडलेली चार तत्त्वे बहुतेक देशांत मान्य झाली असून युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये खुल्या विज्ञानाविषयीची शिफारस स्वीकारली.

या सर्व रचनेमागे सक्ती करणारा कायदा जवळजवळ नाही. केंद्रांचा खर्च आजही मुख्यत्वे त्या त्या देशाच्या अंदाजपत्रकातून होतो आणि नोंदी पाठविणे हे सद्‌भावनेवर अवलंबून असते. त्यामुळे एखाद्या देशाने निधी काढून घेतल्यास किंवा वेधशाळा बंद केल्यास त्याची झळ सर्व देशांना लागते. नोंदींच्या प्रती एकाहून अधिक देशांत ठेवण्याचा १९५७ चा नियम संगणकांच्या जाळ्याच्या काळातही म्हणूनच आवश्यक ठरला आहे.